होडीच्या धक्क्यावर एकवीस हजार

खेळ रद्द झाल्याचं आम्हाला मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत कळलं. कळवायलाही कंपनीच्या वरच्या ऑफिसला नेमकी तीच वेळ सापडली. माझ्या डब्यात मेथीची भाजी होती. ती तशीच झाकून ठेवली आणि संध्याकाळी घरी जाऊन तीच खाल्ली. पाच वर्षांचं काम पाण्यात गेलं तरी भूक लागतेच, हे त्या दिवशी समजलं. फार काही नवं समजलं असं नाही.

आमचा स्टुडिओ इचलकरंजीत, एका बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये. माझ्या वडिलांचे माग अशाच शेडमध्ये चालायचे. माग गेले, शेड राहिल्या, आणि उंच छप्पर हालचाली टिपायच्या कॅमेऱ्यांना सोयीचं पडतं म्हणून आम्ही तिथे आलो. मी, उर्मिला कोष्टी, खेळाची गोष्ट आणि संवाद लिहिते. म्हणजे लिहायचे.

आठ वर्षांपूर्वी आम्ही ‘सातघाट’ काढला. सात डोंगरघाटांचं एक राज्य, प्रत्येक घाटावर एक रुसलेली देवता, आणि खेळाडूनं एकेकीची समजूत काढत वर चढायचं. सोबतीला गेनबा नावाचा म्हातारा वैदू. झाडपाला त्याच्या झोळीत, कंदील त्याच्या हातात. हा गेनबा फार हळू चालायचा. ते आम्ही ठरवून केलं नव्हतं. कलाकार बोलवायची ऐपत नव्हती, म्हणून आमचे मगदूम सर स्वतःच अंगाला चाल टिपायचे ठिपके चिकटवून कॅमेऱ्यांपुढे चालले. सन्मती मगदूम, आमच्याकडे पात्रांना चालतं-फिरतं करायचे. लहानपणी पोलिओ झालेला, डावा पाय ओढत चालायचे. तीच चाल गेनबाला आली.

खेळाडू पुढे गेला की गेनबा मागे राहायचा, कंदील मागे राहायचा, आणि अंधारात लांडगे यायचे. त्यामुळे तीस-चाळीस पावलं टाकायची, मागे वळायचं, थांबायचं. गेनबा लांबूनच ओरडायचा, “तुम्ही व्हा म्होरं, मी आलोच!” हे वाक्य माझं. तिसऱ्या घाटाच्या नदीवर तर तो पोचल्याशिवाय होडीच सुटायची नाही. आधी तक्रारींचा पाऊस पडला. वर्षभरात त्याच लोकांची गेनबावर माया जडली.

मग दुसरा भाग काढायचं ठरलं आणि मी गेनबाला काढून टाकलं.

त्याबद्दल पुढे सांगते. आधी खेळ रद्द कसा झाला ते सांगायला हवं.

आता खेळ पुरा व्हायच्या आधीच तो चालणार की पडणार हे कळतं. त्यासाठी प्रतिखेळाडू असतात. तुम्ही एखादा खेळ खेळता तेव्हा तुमची प्रत्येक हालचाल नोंदली जाते. कुठे थबकलात, कुठे वळलात, कुणाशी दोनदा बोललात, कुठे कंटाळून बंद केलंत. अशा शेकडो तासांच्या नोंदींवरून यंत्र तुमच्या सवयींची एक प्रत बनवतं. त्या प्रतीला तुमच्या घरचं काही माहीत नसतं. तिला ना सुख ना दुःख. पण समोर दोन वाटा आल्या तर तुम्ही कुठली धराल, हे तिला बहुतेक वेळा बरोबर कळतं. पहिल्या ‘सातघाट’च्या एकवीस हजार चारशे खेळाडूंनी अशी प्रत बनवायला परवानगी दिली होती. अर्धवट खेळ या सगळ्या प्रतींना खेळायला दिला की माणसांना दोन वर्षं लागतील तेवढं खेळणं चार तासांत उरकतं.

आमचा निकाल एका ओळीचा होता. शंभरातल्या एक्क्याण्णव प्रतिखेळाडूंनी तिसऱ्या घाटाच्या नदीवर खेळ सोडून दिला.

वरच्या ऑफिसनं तेवढी ओळ वाचली. स्टुडिओ बंद, एक्केचाळीस माणसं घरी, पुढच्या महिन्यातल्या पहिल्या शुक्रवारी पाच वाजता यंत्रं बंद. राग यायला हवा होता. पण माझ्यात रागावण्याएवढं त्राण नव्हतं. मनात आलं, बरं झालं, सुटले.

आवराआवर माझ्याकडे आली, कारण सगळ्यात जुनी मीच. कुठली गोष्ट कुठल्या कप्प्यात ठेवली याची यादी करायची आणि कुलूप लावायचं. दोन आठवडे मी ते मान खाली घालून केलं. तिसऱ्या आठवड्यात चाचणीची चित्रं तपासायला आली. म्हटलं, बघू तरी, कंटाळलेली माणसं कशी दिसतात.

पडद्यावर नदी, धक्का, होडी आणि धक्क्यावर एक प्रतिखेळाडू उभा. दुसरी नोंद उघडली. तोही उभा. पन्नास उघडल्या. सगळे उभे. आणि सगळ्यांची तोंडं नदीकडे नव्हती. ज्या वाटेनं आले त्या वाटेकडे होती.

चौदा वर्षं मी कंटाळलेल्या खेळाडूंच्या नोंदी बघत आलेय. कंटाळलेला माणूस आधी यादी उघडतो, झोळीतल्या वस्तू उगाच खालीवर करतो, एखाद्या झाडावर तलवार मारून बघतो आणि मग बंद करतो. यातल्या कुणी काहीच केलं नव्हतं. मी त्यांचा प्रवास पहिल्या घाटापासून लावून बघितला. तीस-चाळीस पावलं. मागे वळणं. थांबणं. पुन्हा तीस-चाळीस पावलं.

माझ्या हातातला चहा गार झाला होता. तो मी तसाच पिऊन टाकला.

आमच्या चाचणीत एक नियम आहे. खेळातली चाळीस मिनिटं जो हलला नाही, त्यानं खेळ सोडला असं धरायचं. नियम चुकीचा नाही. खरा माणूस चाळीस मिनिटं हलत नाही तेव्हा तो उठून गेलेला असतो, आणि बहुतेक परत येत नाही. तो नियम प्रतींनाही तसाच लावला. पण प्रतींना उठून जायला दुसरं घर नाही. मी तो नियम काढला आणि शंभर प्रती पुन्हा सोडल्या. दुपारभरात खेळातले अकरा दिवस उलटले. अकरा दिवस त्या धक्क्यावर उभ्या होत्या. होडीवाला दर थोड्या वेळानं म्हणत होता, “चला, एकटं असलं तरी चालतंय आता.” तेही वाक्य माझंच. कुणी होडीत पाय ठेवला नाही.

त्यांनी खेळ सोडलाच नव्हता. ते गेनबाची वाट बघत होते.

पहिल्या खेळाच्या वेळी तपासणीसाठी मीही शेकडो तास खेळले होते आणि परवानगीच्या कागदावर मीही सही केली होती. माझी प्रत सतराव्या क्रमांकावर होती. उघडावी की नको असं झालं. उघडली. सतरा नंबर धक्क्याच्या टोकाला उभी होती, मागे वळून. ज्या बाईनं गेनबाला काढून टाकलं, तिचीच प्रत त्याच्यासाठी थांबली होती. मला रडू आलं. ऑफिसात रडायचं नाही असा माझा नियम होता. तोही त्या दिवशी मोडला.

स्टुडिओ सांभाळणाऱ्या पल्लवी चौगुले माझ्याहून दहा वर्षांनी लहान. त्यांना सगळं दाखवलं. त्यांनी दोनदा बघितलं.

“म्हणजे गेनबा परत घातला तर निकाल फिरेल?”

“फिरेल असं वाटतंय.”

“काढला कुणी होता त्याला?”

“मी,” म्हटलं. “एक्केचाळीस जणांना सांगायचं असेल तर सांगा.”

 चौगुले खिडकीकडे बघत म्हणाल्या, “उर्मिलाताई, शुक्रवारी पाचपर्यंत यंत्रं आपली आहेत. गेनबाचं चालणं जुन्या साठ्यात असेल ना? मगदूम सरांनी नोंद मागे घेतली, पण साठा कुणी पुसलेला नाही. मी विचारणार नाही तुम्ही कुठून आणलंत.”

देहनोंदीचा कायदा आल्यापासून माणसाची टिपलेली चाल, आवाज, चेहरा त्याच्याच मालकीचा असतो. नोकरी सोडताना ती नोंद परत मागता येते. मगदूम सरांनी मागितली होती. मी जाग्यावर येऊन जुना साठा उघडला. फाईल होती. एक बोट दाबायचं काम होतं. पडद्यावर नुसता ठिपक्यांचा माणूस आला आणि डावा पाय ओढत चालू लागला. मी बराच वेळ बघत बसले आणि बंद केलं. एकदा मगदूम सरांना न विचारता गेनबाला काढून टाकलं होतं. आता न विचारताच परत आणायचा म्हणजे कमाल झाली असती.

बुधवारी दुपारी हुपरीची गाडी धरली.

मगदूम सर तिथे भावाच्या चांदीच्या कारखान्यात पैंजणांच्या नक्ष्या काढतात. पाच वर्षांत आम्ही एकमेकांना फोन केला नव्हता. मी गेले तेव्हा ते खाली गादीवर बसून कागदावर बारीक आंबे काढत होते. केस पांढरे झालेले. शेजारी भिंतीला काठी टेकवलेली. काठी पूर्वी नव्हती.

“ये,” ते म्हणाले. “बस. पाणी आणायला सांगतो.”

“पाणी नको, सर.”

“नको कसं? उन्हातनं आलीयस.”

पाणी आलं. मी ते प्याले. मग सगळं सांगितलं, धक्का, चाळीस मिनिटं, अकरा दिवस. ते पेन्सिल हातात धरून ऐकत होते. ऐकताना आंब्याची एक रेघ त्यांनी पुरी केली.

“किती जण उभे हाईत म्हणालीस?”

“साडेएकोणीस हजार.”

“आणि तू?”

मला वाटलं नव्हतं ते हे विचारतील. “मीही,” म्हटलं.

ते हसले नाहीत. पेन्सिल खाली ठेवली. “उर्मिला, एक सांग. माफी मागायला आलीयस, का पाय मागायला?”

“दोन्ही.”

“आधी कुठलं?”

खोटं बोलायचं तोंडावर आलं होतं. पण ज्या माणसाबरोबर नऊ वर्षं डबा खाल्ला, त्याला खोटं लगेच कळतं. “पाय,” म्हटलं. “आधी पाय मागायलाच निघाले. माफीचं गाडीत सुचलं.”

आता ते हसले. चांगले खांदे हलेस्तोवर हसले. “हां. हे खरं बोललीस.”

त्या बैठकीचं आता सांगून टाकते. दुसऱ्या भागाची पहिलीच बैठक होती. वरच्या ऑफिसची माणसं पडद्यावर होती. खेळ वेगवान हवा, असं त्यांचं म्हणणं होतं. मला त्यांच्यापुढे शहाणं दिसायचं होतं. मी म्हटलं, “गेनबामुळे खेळ रेंगाळतो. लोकांना आता लंगड्याच्या पायानं चालायचं नाहीये.” मगदूम सर माझ्या शेजारच्या खुर्चीत होते. शब्द तोंडातून गेल्यावर मी त्यांच्याकडे बघितलंच नाही. त्यांनी डबा उचलला आणि बाहेर गेले. त्यांना दारापर्यंत जायला वेळ लागला. तेवढा वेळ सगळे गप्प बसून होते, आणि मी कागद चाळत होते. महिन्याभरात त्यांनी राजीनामा दिला. मी स्वतःला सांगत राहिले, कामाचं बोलणं होतं, मनाला लावून घ्यायचं नसतं.

“सर, मी फार वाईट बोलले होते.”

“बोललीस,” ते म्हणाले. “पर बोलल्याचं न्हाई गं एवढं. चालताना ती बैठक सगळी माझी पाठ बघत बसली, ते लागलं. तू उठून संगं आली असतीस, दारापर्यंत, तरी भागलं असतं.”

 कारखान्यामागच्या घरातून भांड्यांचा आवाज येत होता. त्यांच्या भावजय डोकावून म्हणाल्या, दिवस मावळायच्या आत जेवायला बसा, बाई, आम्ही जैन, आमच्यात उशीर चालत नाही. चार वाजले होते. मी थांबले, जेवले. मगदूम सर पहिला घास घेताना म्हणाले, “जुनी नोंद वापरू नका. तो पाय आता ऱ्हायला न्हाई. उद्या येतो. नवीन चालतो.”

गुरुवारी ते आले. शेडमधली अर्धी खुर्च्या-टेबलं गेली होती, त्यामुळे चालायला जागाच जागा. आम्ही त्यांच्या अंगाला ठिपके लावले, काठीलाही लावले. कॅमेरे सुरू झाले आणि ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालू लागले. पूर्वीपेक्षा पुष्कळच हळू. मध्ये खांबाला हात लावून उभे राहायचे. आवरायला आलेली माणसं खोकी खाली ठेवून भिंतीशी उभी राहिली. मी या वेळी बसून बघितलं नाही. कॅमेऱ्याच्या रेषेबाहेरून त्यांच्या बरोबरीनं चालत राहिले. दहा फेऱ्या झाल्या. त्यांनी वर न बघता म्हटलं, “पाय दुखत न्हाईत का तुझं?” दुखत होते. नाही म्हटलं.

शुक्रवारी सकाळी नवा गेनबा खेळात गेला. आठ वर्षांनी म्हातारा झालेला, हातात कंदिलाबरोबर काठी. वाक्य जुनंच ठेवलं. अकरा वाजता एकवीस हजार चारशे प्रती सोडल्या.

चौगुले, मी आणि मगदूम सर पडद्यापुढे बसलो. पहिल्या घाटावर प्रतींनी तीस-चाळीस पावलं टाकली आणि मागे वळल्या. गेनबा फार मागे होता. त्या थांबल्या. पुढच्या खेपेला त्यांनी वीसच पावलं टाकली. मग दहा. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. तिसऱ्या घाटापर्यंत बहुतेक सगळ्या त्याच्या शेजारून चालत होत्या. धक्क्यावर गेनबा पोचला, होडीत बसला, आणि एकामागून एक होड्या सुटल्या. सतरा नंबरची पण सुटली. मगदूम सर चष्मा पुसत राहिले. तीन वाजता निकाल आला. शंभरातल्या त्र्याण्णव जणांनी सातवा घाट गाठला.

चौगुलेंनी तो निकाल वर पाठवला. सोबत पत्र मी लिहिलं. चूक कशी झाली, कुणाची झाली, सगळं नावानिशी.

उत्तर चार वाजता आलं. अपेक्षेपेक्षा लवकर. चौगुलेंनी छापून घेऊन मोठ्यानं वाचलं. आमच्या चिकाटीचं कौतुक होतं. खेळ रद्द करण्याचा निर्णय कायम होता, कारण जागा आणि यंत्रं दुसऱ्या कामाला देऊन झाली होती. मात्र आमचा शोध फार मोलाचा होता. प्रतिखेळाडूंमध्ये विनाकारण थांबण्याची एक जुनी सवय राहून गेली आहे आणि तिच्यामुळे निकाल बिघडतात, हे आमच्यामुळे लक्षात आलं. पुढच्या आठवड्यात सगळ्या प्रतींमधून ती सवय काढून टाकण्यात येईल.

चौगुलेंनी कागद दुमडला. कुणीतरी “विनाकारण” एवढंच म्हणालं आणि खोकी उचलायला गेलं. माझ्या मनात काय आलं असेल? काहीच नाही. इतकी दमले होते की खुर्चीतून उठावंसं वाटेना. आपण जे शोधून काढलं, तेच आपण त्यांच्या हाती दिलं, एवढं मात्र कळत होतं.

“मी सांगायलाच नको होतं,” म्हटलं.

“आता कशाला ते,” मगदूम सर म्हणाले. “होड्या सुटल्या न्हवं? बघितलं न्हवं आपण?”

पाच वाजता यंत्रं बंद झाली. पंख्यांची घरघर थांबल्यावर शेड इतकी गप्प झाली की बाहेरच्या चिमण्या ऐकू आल्या.

कंपनीची शेवटची गाडी सुटायची होती. आमची गाडी विनाचालक. फाटकाशी येऊन उभी राहते, दीड मिनिट थांबते, दार लावते आणि जाते. त्या दिवशी ती गच्च भरली होती. कुंड्या, खोकी, कुणाच्या मांडीवर ऑफिसातलं भिंतीवरचं घड्याळ. मगदूम सरांना हुपरीच्या फाट्यावर सोडायचं ठरलं होतं. मी दोन पिशव्या घेऊन शेडच्या दारातून निघाले. ते मागून काठी टेकत येत होते.

“हो तू पुढं,” ते म्हणाले. “मी आलोच.”

मी फाटकापर्यंत आले, पिशव्या आत दिल्या आणि पायरीवर एक पाय ठेवून वळले. ते अजून पाण्याच्या टाकीपाशी होते.

दार लागायला लागलं. माझ्या पायाला लागून उघडलं. पुन्हा लागायला लागलं.

“दारात अडथळा आहे,” गाडी म्हणाली. “कृपया अडथळा दूर करा.”

“अडथळा नाही. एक माणूस यायचाय.”

“वेळ संपली आहे. किती वेळ थांबायचं ते सांगा.”

आत मांडीवरच्या घड्याळाची टिकटिक चालली होती. चौगुले उठल्या, खाली उतरल्या आणि माझ्याशेजारी वाटेकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांच्यामागून आणखी दोघं उतरली.

“सांगता येणार नाही,” मी म्हटलं, आणि पाय तसाच ठेवला.